पोटाची पिशवी काढल्यानंतरच्या चौदा फेऱ्या

११ मार्च २०२० ला माझा केमोचा आठवा आणि शेवटचा डोस झाला. सिस्टरनं हातातली सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि म्हणाली, "ताई, आता डोससाठी यायचं नाही बरं का." ह्यांनी पेढे आणले होते, ते वॉर्डातल्या मावशींना आणि मामांना वाटले. घरी तासगावला आलो, आणि दोन दिवसांनी दुपारच्या वेळी मला रडू फुटलं ते थांबेचना. आत्यांना वाटलं, काहीतरी दुखतंय. दुखत काहीच नव्हतं. उपचार चालू होते तोवर कुणीतरी माझ्यासाठी रोज काहीतरी करत होतं. आता करायचं काहीच उरलं नव्हतं, नुसती वाट बघायची होती. आजार परत येतो का, याची वाट.

ती वाट पाच वर्षं बघितली. मार्च २०२५ मध्ये तपासणीची शेवटची फेरी झाली. जठराच्या, म्हणजे पोटातल्या अन्नाच्या पिशवीच्या, कॅन्सरच्या ऑपरेशनविषयी सांगणारे बरेच भेटतात, पण पुढच्या तपासण्यांविषयी मला तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधीचं थोडक्यात सांगते. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. घरी द्राक्षबाग. २०१९ च्या उन्हाळ्यापासून चार घास खाल्ले की पोट भरायचं, वजन उतरत होतं, पण बेदाण्याच्या सीझनची दगदग म्हणून सोडून दिलं. जुलैत सांगलीला दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. तेव्हा मी ४६ वर्षांची होते. परळला टाटामध्ये केस पेपर काढला. ऑगस्टपासून चार केमो, २० नोव्हेंबरला ऑपरेशन, जानेवारीपासून उरलेले चार केमो. ऑपरेशनमध्ये पूर्ण जठर काढलं आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. काढलेल्या ३१ लसिका गाठींपैकी (लिम्फ नोड) २ मध्ये आजार होता, कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या. ऑपरेशन आणि केमोचा बराचसा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाला. आमचं केशरी कार्ड होतं आणि हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रानं कागद जुळवून दिले. फेरतपासणीचे स्कॅन मात्र आमच्या बाबतीत त्यात बसले नाहीत, ते खिशातून केले. तुमचं काय बसतं ते आरोग्यमित्राला आधीच विचारा, कागद हातात असताना विचारलेलं बरं.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर वेळापत्रक लिहून दिलं होतं. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दर वेळी वजन, पोट तपासणं, रक्त. सीटी स्कॅन दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मी मोजलं. पाच वर्षांत चौदा फेऱ्या, सात स्कॅन. आमच्या घरात या तपासण्यांना 'फेरी' हाच शब्द पडला. "फेरी कधी आहे?" असंच सगळे विचारायचे, कॅन्सर हा शब्द कुणी घ्यायचं नाही.

डोस संपला आणि दोन आठवड्यांत लॉकडाऊन लागला. पहिली फेरी जूनमध्ये होती. गाड्या बंद, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. मुलानं ऑनलाइन अर्ज भरला, तो डॉक्टरांचं पत्र जोडलं नव्हतं म्हणून परत आला. पत्र व्हॉट्सॲपवर मागवलं, पुन्हा भरला, तिसऱ्या दिवशी पास मिळाला. तोवर डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं, मुंबईत परिस्थिती बिकट आहे, तुम्ही येऊ नका, रक्त तिथेच तपासा. हिमोग्लोबिन ९.४, वजन साडेचव्वेचाळीस किलो. आजारापूर्वी मी एकसष्ट किलोची होते.

त्या फोनवर डॉक्टरांनी दोन गोष्टी ठरवून दिल्या. स्कॅन आणि रक्त जवळच सांगली-मिरजेला करा, सीडी आणि रिपोर्ट घेऊन मुंबईला या. आणि जिथे कराल तिथेच पाच वर्षं करा, लॅब बदलू नका, स्कॅनचं सेंटर बदलू नका. पहिली गोष्ट सोयीची होती म्हणून लगेच पटली. दुसरीचं कारण मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला दोन वर्षं गेली, ते पुढे सांगते.

त्याच दिवशी मी पतसंस्थेतली एक जुनी, लाल कापडी बांधणीची खतावणी घरी आणली. रकाने आखले. तारीख, वजन, हिमोग्लोबिन, बी-१२, सीईए, सीए १९-९, आणि शेवटचा मोठा रकाना 'काय होतंय' याचा. सीईए आणि सीए १९-९ हे ट्यूमर मार्कर. रक्तात त्यांचं प्रमाण चढत गेलं तर आजार परत येत असल्याची शंका घेतात. पण ते एकट्यानं काहीच सिद्ध करत नाहीत. धूम्रपान, सूज, पित्ताच्या नळीतला अडथळा अशा कारणांनीही ते वाढतात, आणि कित्येकांचा आजार परत येऊनही ते वाढत नाहीत. सीईए पाचच्या आत, सीए १९-९ सदतीसच्या आत, असं आमच्या लॅबच्या कागदावर छापलेलं असायचं. माझे पहिले आकडे २.१ आणि १४.

पहिला स्कॅन सप्टेंबर २०२० मध्ये. खर्च ८,५००. आदल्या दिवशी क्रिएटिनिनची तपासणी, कारण शिरेतून जे औषध सोडतात ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. सकाळपासून उपाशी. सेंटरवर एका मुलीनं माझ्या हातात दीड लिटरची बाटली दिली, आत कसलंसं गोडसर पाणी. "एक तासात संपवा." मी मान डोलावली आणि प्यायला लागले. पिशवीच नाही म्हटल्यावर ते पाणी थांबणार कुठे? सरळ आतड्यात उतरलं. अर्धी बाटली झाली नाही तोच छाती धडधडायला लागली, घाम सुटला, कानात गुंई आवाज. बाकावर आडवी झाले. ह्यांनी धावत जाऊन तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं विचारलं, "यांचं जठर काढलंय हे कुणी सांगितलं का?" कुणीच सांगितलं नव्हतं. फॉर्मवर 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच होतं. पुढच्या वेळेपासून मी पाय ठेवल्या ठेवल्या सांगायला लागले, "माझं पूर्ण जठर काढलेलं आहे, मला एकदम पिता येत नाही." मग डॉक्टरांना विचारून ते मला साधं पाणी, तेही कमी, पाऊण तासात घोट घोट द्यायचे. तुम्हीही हे वाक्य पाठ करून ठेवा आणि काउंटरवर, तंत्रज्ञाला, सिस्टरला, तिघांना सांगा.

मशीनमध्ये तसं काही दुखत नाही. हात डोक्यावर, वरून आवाज येतो, श्वास घ्या, रोखा, सोडा. शिरेतून औषध गेलं की घशापासून खाली ओटीपोटापर्यंत गरम लाट जाते, तोंडात लोखंडाची चव येते, आणि कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. केमोनं माझ्या शिरा बसून गेल्या होत्या, सुई लावायलाच तीन-चारदा टोचावं लागायचं. नंतर एका सिस्टरनं युक्ती सांगितली, निघण्यापूर्वी हात कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा आणि गाडीत शाल गुंडाळून बसायचं. खरंच फरक पडला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळायचा. ती रात्र आणि तो दिवस. आमच्या घरात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नसे. पहिला रिपोर्ट ह्यांनी सेंटरच्या बाहेर मोटारसायकलवर बसूनच उघडला. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. लिव्हर, स्प्लीन, पॅन्क्रियाज, प्रत्येकापुढे 'अनरिमार्केबल' लिहिलं होतं. ह्यांचा चेहरा उतरला. "सगळ्यांतच काहीतरी झालंय गं," म्हणाले. मला पुण्याला मुलाला फोन लावायला लावला. त्यानं सांगितलं, अनरिमार्केबल म्हणजे तिथे लिहिण्यासारखं काही नाही, म्हणजे चांगलं. ह्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला गाडी स्टँडवर लावली आणि बराच वेळ नुसते उभे राहिले.

म्हणून ही रिपोर्टातली भाषा सांगून ठेवते. 'नो एव्हिडन्स ऑफ रिकरन्स' म्हणजे आजार परतल्याची खूण दिसत नाही. 'पोस्ट-ऑपरेटिव्ह चेंजेस' म्हणजे ऑपरेशनमुळे झालेले बदल, ते राहणारच. 'इंडिटरमिनेट' म्हणजे हे काय आहे ते आज सांगता येत नाही. त्याचा अर्थ वाईट असा नव्हे, पण रात्री दोन वाजता तो वाईटच वाटतो. 'क्लिनिकली कोरिलेट' म्हणजे पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांनी बाकीच्या गोष्टींशी ताडून बघावं. रिपोर्ट मिळाल्या मिळाल्या आपण त्याचा अर्थ लावू नये हे मला कळतं. तरी दर वेळी लावलाच.

मार्च २०२१ च्या फेरीला मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला, तो आधी वहीत लिहून नेला होता. दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन का करत नाही? पैशांचं आम्ही बघू, बागेतला एक तुकडा विकू. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ताई, जास्त स्कॅन केल्यानं जठराच्या कॅन्सरचा पेशंट जास्त जगतो, असं अजून कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. हा आजार परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, आणि पुष्कळदा पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तरावर येतो. तिथले बारीक दाणे सुरुवातीला कुठल्याच स्कॅनमध्ये नीट दिसत नाहीत. म्हणून मला स्कॅनइतकंच तुम्ही काय सांगता ते महत्त्वाचं आहे." मग त्यांनी सांगितलेलं मी तिथेच उतरून घेतलं. खाणं तेवढंच असताना वजन उतरणं, घास अडकणं, पोट फुगून घट्ट होणं, कावीळ, काळी शौचाला होणं, हाडात किंवा पाठीत रात्री वाढणारं दुखणं. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करायचा.

मला ते ऐकून आधी धक्काच बसला. स्कॅन स्वच्छ म्हणजे मी सुरक्षित, असं मी मनाशी धरून बसले होते. पण नंतर वाटलं, डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. तेव्हापासून 'काय होतंय' हा रकाना मी मनापासून भरायला लागले.

हे शब्द किती खरे आहेत तेही लवकरच दिसलं. केमोच्या दिवसांत आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो. तिथे जळगावकडचे एक भाऊ होते, त्यांचंही जठराचंच ऑपरेशन. आमचे डोस एकाच आठवड्यात असायचे, ते मला बहीण म्हणायचे. २०२१ च्या पावसाळ्यात वहिनींचा फोन आला. भाऊंच्या पोटात पाणी झालं होतं, आजार परतला होता. तीन महिन्यांपूर्वीचा त्यांचा स्कॅन स्वच्छ होता. दिवाळीआधी ते गेले. नंतरच्या दोन फेऱ्यांना मी परळच्या त्या बाकांकडे बघू शकले नाही. हे लिहावं की नाही यावर बराच विचार केला. पण या वाटेवरच्या प्रत्येकाला असा एक फोन कधी ना कधी येतो, आणि त्यानंतरची फेरी सगळ्यात जड जाते, हे माहीत असलेलं बरं. त्या फेरीला एकटं जाऊ नये.

प्रवासाचं सांगते. गाड्या सुरळीत झाल्यावर आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायला लागलो. रात्री सांगलीला बसायचं, सकाळी दादर. कॅन्सरच्या पेशंटला उपचार आणि तपासणीसाठी रेल्वेची सवलत असते. स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. त्याचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासह भरून घ्यावा लागतो आणि तिकीट स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरच मिळतं. मूळ कागद प्रवासात जवळ ठेवा. परळला पोचल्यावर हॉस्पिटलच्या स्मार्ट कार्डात पैसे भरायचे, मग ओपीडी. नंबर लागायला दुपार व्हायची, पण माझ्या पुढे जे बसलेले असायचे त्यांच्याकडे बघून कधी तक्रार करावीशी वाटली नाही. दर दोन तासांनी मला खावं लागतं, म्हणून डबा हवाच. उकडलेलं अंडं, तूप लावलेली ज्वारीची भाकरी कुस्करून, शेंगदाण्याची कोरडी चटणी, राजगिऱ्याची वडी नको कारण ती गोड.

गोडाचं मला महागात पडलं आहे. २०२१ च्या पाडव्याला सगळे आग्रह करत होते, आणि वर्षभरानंतर मलाही वाटलं, चार चमचे श्रीखंड खाऊ. वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा. याला डंपिंग म्हणतात. पिशवी नसल्यामुळे साखर एकदम आतड्यात पडते. दुसरा प्रकार आणखी फसवा. गोड चहा घेतल्यावर दोन तासांनी हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी. जाऊबाईंकडे साखर तपासायचं मशीन आहे, त्यावर ५२ आली, म्हणजे फारच कमी. मी महिनाभर याला आजार परतल्याची लक्षणं समजत होते. वहीत वेळ लिहून ठेवली होती म्हणून डॉक्टरांना पाच मिनिटांत उलगडलं. तेव्हापासून जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट घोट. चहा बिनसाखरेचा. दिवसातून सहा वेळा, वाटीभर, चावून चावून.

डिसेंबर २०२१ च्या फेरीला तळपायांना मुंग्या होत्या. केमोच्या औषधांनी मुंग्या येतात हे माहीत होतं, पण त्या कमी होत आलेल्या परत वाढल्या होत्या. मनात आलं, मणक्यात गेलं वाटतं. बी-१२ तपासलं तर १४८, म्हणजे कमी. जठर नसलं की अन्नातलं बी-१२ शरीराला घेता येत नाही, त्यामुळे दर महिन्याला इंजेक्शन, तेही जन्मभर. मी बेदाण्याच्या गडबडीत आणि नंतर कंटाळ्यानं सात महिने घेतलंच नव्हतं. तेव्हा पन्नास रुपयांच्या आत येणारं इंजेक्शन. यकृतातला साठा काही काळ पुरतो, म्हणून चुकवलेलं लगेच कळत नाही, आणि कळतं तेव्हा नसांवर परिणाम झालेला असतो. दोन आठवडे एक दिवसाआड घेऊन मग परत महिन्यावर आले. उजव्या पायाचा अंगठा अजूनही थोडा बधिर आहे.

आता २०२२. मार्चची आठवी फेरी स्वच्छ निघाली, दोन वर्षं पूर्ण झाली, आता सहा महिन्यांनी या म्हणाले. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण आता कमी वेळा बघणार म्हणून भीतीच वाटली. सप्टेंबरमध्ये नेहमीची लॅब आठवडाभर बंद होती. घरी येऊन रक्त नेणारी दुसरी एक लॅब होती, दोनशे रुपये स्वस्त. तिला दिलं. १३ सप्टेंबरला मोबाइलवर रिपोर्ट आला. सीईए ७.१.

मार्चमध्ये २.४ होतं.

मी तेव्हा पतसंस्थेत होते. समोर खातेदार उभा होता, त्याचे पैसे मी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे आले. शेवटी शेजारच्या बाईंना बसवून बाहेर आले.

२० तारखेला मुंबईला गेलो. डॉक्टरांनी पोट तपासलं, वजन बघितलं, ते उलट अर्ध्या किलोनं वाढलं होतं. मग मोबाइलमधला कागद निरखून विचारलं, "ही लॅब तीच आहे का?" वेगवेगळ्या लॅब वेगवेगळ्या पद्धतींनी आणि किटनी मार्कर मोजतात, एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडता येत नाही. तीन-चार आठवड्यांनी जुन्या लॅबमध्येच परत करा आणि सोबत स्कॅन करून टाकू, असं ठरलं. १० ऑक्टोबरला रक्त जुन्या लॅबला दिलं. नेमकं त्या दिवशी नेहमीच्या सेंटरचं मशीन दुरुस्तीला होतं. थांबायचा धीर नव्हता, दुसऱ्या सेंटरला गेलो. जुन्या सीड्यांची पिशवी घरी राहिली होती. त्यांनी मागितली, मी म्हटलं, नंतर आणून देते.

दुसऱ्या दिवशी सीईए आलं २.७. अर्धा तास आनंदात गेला. मग स्कॅनचा रिपोर्ट. पोटात काही नाही, पण उजव्या फुफ्फुसात ४ मिलिमीटरची गाठ, इंडिटरमिनेट, जुन्या स्कॅनशी ताडून बघावे.

पुढची तारीख १८ ऑक्टोबर. तो आठवडा कसा काढला हे सांगता येत नाही. कामावर गेले. आत्यांच्या केसांना तेल लावलं. दिवाळीच्या भाजणीसाठी डाळी निवडल्या. रात्री हे झोपल्यासारखे पडून राहायचे आणि मीही. एकदा अंधारात म्हणाले, "बाग विकू." मी म्हटलं, "आत्ता नको." एवढंच बोललो.

१८ ला सगळ्या सीड्या नेल्या. डॉक्टरांनी रेडिओलॉजीला दाखवायला पाठवल्या, दुपारी साडेतीनला परत बोलावलं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. डावीकडे सप्टेंबर २०२०, उजवीकडे परवाचा. दोन्हींत त्याच जागी तोच पांढरा ठिपका. त्यात चुना धरलेला होता. कधीकाळी क्षयाचा संसर्ग होऊन बरा झाला तर असा डाग राहतो, आपल्याकडे तो कित्येकांच्या फुफ्फुसात असतो. दोन वर्षांत तसूभरही वाढलेला नव्हता.

पतसंस्थेत एकवीस वर्षं झाली. मागील बाकी बघितल्याशिवाय आजच्या शिल्लकेला अर्थ नसतो, हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवते. खातं तेच, वही तीच. आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत मी एका दिवसाचा एक आकडा धरून पस्तीस दिवस काढले. पाच वर्षं लॅब बदलू नका, असं डॉक्टर का म्हणाले होते ते त्या पडद्यापुढे कळलं. तुम्ही बाकी काही विसरलात तरी चालेल, पण रक्त एकाच लॅबमध्ये, स्कॅन शक्यतो एकाच सेंटरला, आणि जुन्या सीड्या दर वेळी सोबत. सीड्या खराब होतात म्हणून मुलानं सगळ्या पेन ड्राइव्हवरही घेऊन ठेवल्या आहेत.

त्यानंतरच्या फेऱ्या भराभर सांगण्यासारख्या आहेत. ऑक्टोबरचा स्कॅन झाल्यामुळे मार्च २०२३ चा गाळला. त्या वर्षी हाडांची घनता तपासली, कमी निघाली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं. जठर काढलेल्यांत हे बरेचदा होतं. तसेच पित्ताचे खडेही होतात, मला ते २०२४ च्या स्कॅनमध्ये दिसले, त्रास नाही म्हणून तसेच ठेवले आहेत. डॉक्टरांनी माझ्या भावंडांची चौकशी केली होती. थोरल्या भावाला सतत ॲसिडिटी असायची, त्याची दुर्बिणीनं तपासणी केली. एच. पायलोरी हा जठराच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जंतू सापडला, चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स केला, पुन्हा तपासून गेल्याची खात्री केली. माझी स्वतःची दुर्बिणीची तपासणी पाच वर्षांत एकदाच झाली, घास अडकत होता तेव्हा. जोड थोडा आवळला होता, तो रुंद केला. ज्यांचं जठर थोडं शिल्लक ठेवलेलं असतं त्यांना उरलेल्या भागासाठी दुर्बिणीची तपासणी अधूनमधून करायला सांगतात, त्यामुळे माझं वेळापत्रक तुमचं असेलच असं नाही.

खर्चाची बेरीज परवा केली. सात स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, दुर्बीण, प्रवास, राहणं मिळून पाच वर्षांत एक लाख अठ्ठावन्न हजार. शेवटचा स्कॅन ९,८०० ला पडला. दर महिन्याला अडीच हजार बाजूला टाकायचे असं आम्ही ठरवलं होतं, पतसंस्थेतच आवर्तक ठेव काढली होती. फेरीच्या आठवड्यात भीती असतेच, निदान पैशांची धावाधाव तरी त्यात नव्हती.

चौदावी फेरी ११ मार्च २०२५ ला, मंगळवारी. वजन ४९.६, हिमोग्लोबिन ११.८, सीईए २.३, स्कॅन स्वच्छ. डॉक्टरांनी माझी खतावणी मागून घेतली आणि पहिल्या पानापासून चाळली. म्हणाले, आता वर्षातून एकदा या, स्कॅन गरज वाटली तरच. मी विचारलं, "म्हणजे बरी झाले असं समजू?" ते म्हणाले, "पाच वर्षांनंतर हा आजार परत येणं कमी होतं. येतच नाही असं मी म्हणणार नाही. पण आता तुमच्या हाडांची आणि रक्ताची काळजी मला जास्त आहे." मला हे उत्तर पुरलं.

रात्रीच्या महालक्ष्मीनं निघालो. पहाटे सांगलीला उतरलो तेव्हा उजाडत होतं. घरी पोचल्यावर हे कपडेही न बदलता बेदाण्याच्या शेडकडे गेले, माल रॅकवर होता. आत्यांनी अर्धी भाकरी आणि अंडं पुढे ठेवलं. मी सावकाश खाल्लं, आठ वाजता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन बी-१२ चं इंजेक्शन घेतलं आणि वहीत तारीख टाकली. पुढचं १२ एप्रिलला.